उसना आवाज आणि अडवलेले पाणी

गावाच्या रस्त्यावर दोन माणसे समोरासमोर चालत येत आहेत. दोघांच्याही कमरेला पिस्तूल. आणि त्यातला एक जण चालता चालता गाऊ लागतो. गाणे प्रेमाचे नाही की मायभूमीचे नाही, रक्ताचे आणि मरणाचे आहे. समोरचा नामांकित पिस्तुल्या ते ऐकतो आणि त्याचा चेहरा उतरतो. १९३३ सालच्या 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' या अमेरिकन चित्रपटातला हा प्रसंग. गाणारा आहे 'सिंगिंग सँडी' सॉन्डर्स, आणि त्या भूमिकेत सव्वीस वर्षांचा जॉन वेन.

गाणारा काउबॉय म्हटले की जाणकारांना जीन ऑट्री आठवतो. तो १९३४ मध्ये 'इन ओल्ड सांता फे'त चमकला आणि १९३५ च्या 'टम्बलिंग टम्बलवीड्स'पासून नायक झाला. त्याच्या हातात गिटार आली की प्रेक्षक सैल होऊन बसे. लेखक-दिग्दर्शक रॉबर्ट ब्रॅडबरी यांचा सँडी मात्र गाऊ लागला की समजावे, आता कोणीतरी पडणार. गाण्याला धमकी करण्याची ही कल्पना पुढे कोणी फारशी वापरली नाही. मला ती ऑट्रीच्या सगळ्या गोडव्यापेक्षा मोलाची वाटते.

अडचण आवाजाची आहे. वेनला गाता येत नव्हते. पडद्यावरचा भारदस्त गळा दिग्दर्शकाच्या मुलाचा, बिल ब्रॅडबरीचा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पार्श्वगायन आपल्याला नवे नाही. 'धूप छाँव' आला १९३५ मध्ये, आणि तेव्हापासून उसन्या आवाजावर आपण मनापासून रडलो, हसलो. तेव्हा आवाज उसना आहे ही माझी तक्रार नाही. मुशायऱ्यात शायर तहतमध्ये वाचो की तरन्नुममध्ये, त्याच्या बोलण्याचा पोत दोन्हीकडे टिकतो. वर्गात नज्म शिकवतानाही हेच सांगावे लागते, की चाल लावली म्हणून माणूस बदलत नाही. इथे तो बदलतो. वेनचे बोलणे तरुण आणि साधे. गाणे सुरू झाले की त्याच ओठांतून कोणी वयस्क, जाड गळ्याचा गृहस्थ बोलू लागतो. घोड्यावर बसून गिटार छेडण्याच्या दृश्यात ही तफावत हास्यास्पद होते.

पण द्वंद्वाच्या प्रसंगात हाच दोष गुण ठरतो. तिथे हात पिस्तुलासाठी मोकळे ठेवायचे, म्हणून गिटार नाही. आवाज त्या देहातून येत नाही हे जाणवते आणि वाटते, हा माणूस गात नाही, त्याच्यातून दुसरेच काही गाते आहे. दिग्दर्शकाने हे ठरवून केले असेल असे मला वाटत नाही. कमी पैशांत, घाईने काढलेल्या, तासाभराहूनही लहान चित्रपटात असे अपघात घडतात आणि कधी कधी ते कलेच्या पथ्यावर पडतात.

आता दुसरा प्रश्न. हे गाणे मुळात कोणाचे? काउबॉयची गाणी पडद्यावर जन्मली नाहीत. रात्री गुरे बुजू नयेत म्हणून राखणदार कळपाभोवती फेऱ्या मारत गुणगुणत. जॉन लोमॅक्स यांनी अशा गाण्यांचे संकलन १९१० मध्ये छापले. या गुराख्यांत काळे होते, मेक्सिकन होते. लॅसो आणि रोडिओ हे शब्दही स्पॅनिशमधून आलेले. सँडी मात्र गुराखी नाहीच. तो वॉशिंग्टनहून आलेला सरकारचा गुप्त माणूस आहे. कष्टकऱ्याचे गाणे त्याने वेषांतरासाठी अंगावर घेतले आहे.

आणि ज्यांच्यासाठी तो आला, त्या शेतकऱ्यांना गाणे नाही. किनकेड नावाच्या धनदांडग्याने खोऱ्यातले पाणी ताब्यात घेतले आहे. परवडणार नाही अशा दराचा करार करा, नाहीतर जमिनी सोडा, हे त्याचे म्हणणे. स्वतंत्र पाणी उरले आहे ते एकट्या डेंटनच्या विहिरीत. ही गोष्ट पडद्यावर आली त्याच वर्षी मार्चमध्ये रूझवेल्ट अध्यक्ष झाले होते, मंदीने आणि अवर्षणाने शेतकरी खचला होता. वॉशिंग्टनकडून कोणी येईल ही आशा तेव्हाच्या प्रेक्षकाला खरी वाटली असणार. सँडी युक्ती करतो. डेंटनची विहीर सुरुंगाने उडवायला तो किनकेडलाच भरीस घालतो. स्फोटाने भूगर्भातला प्रवाह मोकळा होतो, खोऱ्यात पाणी धावते आणि त्याच पाण्यात किनकेड बुडून मरतो. दृश्य जोरदार आहे. पण या सगळ्यात शेतकरी काय करतात? बैठकीला जमतात, कुरकुरतात आणि वाट पाहतात.

कॅलिफोर्नियाच्या ओवेन्स खोऱ्यातले शेतकरी असे वाट पाहत बसले नव्हते. त्यांच्या नदीचे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिस शहराकडे जात होते. मे १९२४ मध्ये त्यांनी तो कालवा सुरुंगाने फोडला. नोव्हेंबरमध्ये त्यांनी त्याचे दरवाजे ताब्यात घेऊन पाणी कोरड्या रानात सोडले आणि चार दिवस तिथे ठाण मांडले. बायका-मुले जेवणाचे डबे घेऊन आली, जत्रा भरली. जवळच वेस्टर्नपटाचे चित्रीकरण करत असलेल्या टॉम मिक्स या नटाने त्यांच्यासाठी वादक पाठवल्याचे सांगतात.