हॅम्लेटला सोडा, राल्फला धरा

पीएचडीचे सिनॉप्सिस अलीकडे पहिलं पान न उलटताच ओळखू येतात. विषय रेनेसान्स नाटकातलं पुरुषत्व, आणि पुरुष कोण, तर हॅम्लेट, मॅक्बेथ, ऑथेल्लो. लिहिणारी बरीच मुलं निगडी-भोसरीची, काही तर चाकणच्या कारखान्यांत पाळी करून उरलेल्या वेळात वाचणारी. आणि काळजी वाहतात डेन्मार्कच्या राजपुत्राची!

कॉपेलिया कान यांचं 'मॅन्स इस्टेट' (१९८१) आणि ब्राइटनबर्गचं 'अँक्शस मॅस्क्युलिनिटी' (१९९६) त्या त्या वेळी कामाची होती. आता त्यांची पोपटपंची उरली आहे. स्टीफन ऑर्गेलच्या 'इम्पर्सनेशन्स'ने (१९९६) मात्र प्रश्न थेट रंगमंचावर आणला. बायकांची कामं मुलगेच करत, मग प्रेक्षकाला 'पुरुष' म्हणून काय दिसत होतं? आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. शाहूनगरवासी मंडळीच्या, शेक्सपिअरवरून बेतलेल्या 'त्राटिके'त गणपतराव जोशी प्रतापराव आणि बाळाभाऊ जोग त्राटिका. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाला बायको म्हणून वठणीवर आणतोय आणि थिएटर हसतंय! सिनॉप्सिसमध्ये याला एक ओळ मिळत नाही.

माझा जीव मात्र तिसऱ्याच वाटेवर अडकलाय. अलेक्झांड्रा शेपर्ड यांनी 'मीनिंग्ज ऑफ मॅनहुड'मध्ये (२००३) दाखवून दिलं की त्या काळच्या इंग्लंडात नुसतं पुरुष म्हणून जन्मून भागत नसे. घर, बायको, बाजारात पत असेल तो कर्ता. बाकीचे वयाने वाढूनही उंबऱ्याबाहेर. लंडनचा अ‍ॅप्रेंटिस साधारण सात वर्षं मालकाकडे राबायचा आणि तोवर त्याला लग्नाची मुभा नसे.

हे डोक्यात ठेवून थॉमस डेकरचं 'द शूमेकर्स हॉलिडे' (१५९९) काढा. राल्फ जोडे शिवणारा, नुकतंच लग्न झालेला. सक्तीने फ्रान्सच्या लढाईवर जाताना तो बायकोला, जेनला, साथीदारांबरोबर मिळून बनवलेले जोडे देतो आणि पायाने अधू होऊन परततो. मग एक नोकर नमुन्याचा जोडा घेऊन येतो, लग्नासाठी अगदी असाच जोड हवा म्हणतो. जोडा राल्फने जेनला दिलेलाच! नवरा मेला समजून जेन दुसऱ्याशी लग्नाला उभी आहे. तो पैसेवाला नवरदेव जेनच्या बदल्यात राल्फला वीस पौंड देऊ करतो. राल्फ ते झिडकारतो, आणि त्याच्या बाजूने सोबतचे कारागीर सोटे घेऊन उभे असतात. हातातलं काम, पाठीशी कोण, समोरच्याच्या खिशात किती, यावर इथे पुरुषत्व ठरतं.

आता चाकण. ट्रेनी, कंत्राटी, पर्मनंट. "मुलगा पर्मनंट आहे ना?" हे मुलीकडचे पहिल्याच बैठकीत विचारतात. ज्याला ठरावीक महिन्यांनी कामातून ब्रेक मिळतो त्याला शेपर्डबाई समजावून द्याव्या लागत नाहीत. पण सिनॉप्सिस लिहिताना हाच मुलगा मॅक्बेथच्या अंतर्मनात बुडी मारतो, कारण मार्गदर्शक बजावतात, स्वतःचा अनुभव मध्ये आणू नका. फार तर शेवटी 'भारतीय संदर्भ' म्हणून चार पानं.

का आणू नये? कानबाईंनी आपल्या काळाचं मनोविश्लेषण घराबाहेर ठेवून शेक्सपिअर वाचला होता काय? चाकण म्हणजे लंडन नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे, किंबहुना हवाच आहे. तिकडे मुदत भरली की शहराचा हक्कदार नागरिक व्हायची वाट तरी होती, आणि डेकर तर जोडेवाल्या सायमन एअरला लॉर्ड मेयर करून दाखवतो. इकडे मुदत भरली की गेटपास जमा. पहिलं प्रकरण या फरकावर लिहा. हॅम्लेटला तळटीप पुरेल.