विकून विकून झिजलेले शब्द

शिकागोतील जमीनविक्रीच्या एका कचेरीत विक्रेत्यांची स्पर्धा लागली आहे. पहिल्या येणाऱ्याला कॅडिलॅक मोटार, मागे पडणाऱ्यांना नारळ. डेव्हिड मॅमेट यांचे ‘ग्लेनगॅरी ग्लेन रॉस’ हे नाटक एवढ्याच भांडवलावर उभे आहे. त्याचा पहिला प्रयोग १९८३ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये झाला. १९८४ साली त्याला पुलित्झर पारितोषिक लाभले.

आर्थर मिलर यांच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ (१९४९) मधील विली लोमनला घर आहे, त्याच्यासाठी जीव तोडणारी पत्नी आहे. मॅमेट मात्र घराचे दार उघडतच नाहीत. पहिला अंक चिनी उपाहारगृहात, दुसरा चोरी झालेल्या कचेरीत. या माणसांपाशी उरते ते केवळ बोलणे. चांगल्या गिऱ्हाइकांची नावे मिळावीत म्हणून उतारवयातला शेली लेव्हीन व्यवस्थापकाची आर्जवे करतो, त्याला लाच देऊ करतो आणि अखेर आपल्या मुलीचा उल्लेख करतो. ते दुःख खरे असेलही. पण जन्मभर शब्द विकलेल्या माणसाच्या तोंडी तेही विक्रीचाच एक डाव वाटते.

त्याचा घात करते तेही बोलणेच. मोठा सौदा जमल्याच्या कैफात तो व्यवस्थापकाला सुनावू लागतो आणि चोरालाच ठाऊक असणारी गोष्ट बोलून बसतो. मग पुन्हा मुलीचे नाव निघते, पण ते ऐकून घेणारे कोणी नसते.

नाटकातील शिवराळपणाने अनेकांचे कान किटतात. परंतु त्याहून जिव्हारी लागते ती ही गोष्ट, की खरे बोलण्याची वेळ आली तेव्हा लेव्हीनपाशी न विकलेला एकही शब्द शिल्लक नव्हता.