अधिछात्रवृत्तीची मुदत आणि संशोधनाचा प्रश्न

लोकशाही, विकास व शासनव्यवहार यांच्या अभ्यासकांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्त्यांचे मूल्यमापन बहुधा दोन आकड्यांवरून होते: लाभार्थी किती आणि मुदतीत सादर झालेले प्रबंध किती. हिशेबास हे आकडे पुरतात. विद्येच्या कसोटीस पुरत नाहीत. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शिअल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

ग्रंथ सयाजीराव गायकवाड यांना कृतज्ञतापूर्वक अर्पण केलेला आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठातील अध्ययनासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी अट होती. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली व लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, नोकरीही सुटली. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील अध्यापनातून साठविलेले पैसे आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना मिळाली ती १९२७ मध्ये. मुदतीत पूर्ण झालेल्या कामांचीच गणना करणाऱ्यास हे संशोधन अपयशी वाटले असते.

ग्रंथाचे सामर्थ्य मात्र त्यातील प्रश्नात आहे. १८३३ नंतर केंद्रित झालेली वित्तव्यवस्था १८७१ मध्ये ठरावीक रकमांच्या, १८७७ पासून नेमून दिलेल्या महसुलाच्या आणि १८८२ पासून वाटून घेतलेल्या महसुलाच्या पद्धतीने प्रांतांकडे कशी सरकली, याचे विवेचन लेखक करतो. परंतु खाती सोपविली म्हणजे स्वायत्तता आली, हे तो मान्य करीत नाही. खर्चाचा भार प्रांतांवर आणि अंतिम सत्ता वरिष्ठ सरकारकडे, हे या व्यवस्थेचे मर्म तो उघड करतो. १९१९ च्या सुधारणांतील द्विदल राज्यपद्धतीवरही त्याचा आक्षेप तत्त्वाचा आहे: विभागलेले कार्यकारी मंडळ सामुदायिक जबाबदारी पेलू शकत नाही. जमाखर्चाच्या अभ्यासातून प्रश्न अशा रीतीने उत्तरदायी शासनापर्यंत पोहोचतो. एका संस्थानिकाच्या द्रव्यावर आरंभिलेल्या अभ्यासाची ही परिणती लक्षणीय होय.

ग्रंथास मर्यादाही आहे. त्याची सामग्री मुख्यतः कायदे, अहवाल व अंदाजपत्रके यांतील आहे. मीठकर व जमीनमहसूल यांचा गरिबांवरील भार लेखक दाखवितो. परंतु करदात्याचे स्वतःचे म्हणणे येथे ऐकू येत नाही. ते ऐकण्यासाठी क्षेत्रकार्य हवे, आणि क्षेत्रकार्यास वेळ व द्रव्य दोन्ही लागतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीत दोन वर्षांनंतर मूल्यमापन होते व त्यानंतर पुढील तीन वर्षांचा मार्ग मोकळा होतो. त्या टप्प्यावर लिहून झालेली प्रकरणे मोजावीत, की प्रश्न किती खोल गेला हे पाहावे? ज्याच्या घरी बचत नाही आणि ज्याच्यामागे कोणी शाहू महाराज नाहीत, अशा अभ्यासकासाठी या प्रश्नाचे उत्तर निर्णायक ठरते. मुदत असावीच; परंतु प्रश्न पक्व होत असताना ती वाढविण्याचा विवेक मूल्यमापन समितीपाशी नसेल, तर अधिछात्रवृत्ती प्रबंध निर्माण करील, संशोधक घडवील असे नाही.