एका द्रव्याची दोन नावे

पनवेल येथे १८७२ मध्ये ‘श्री धूतपापेश्वर’ ही आयुर्वेदीय औषधशाळा स्थापन झाली. त्याच तालुक्यातील तळोजा येथे पुढे रसायनांचे कारखाने उभे राहिले. आयुर्वेदात वनस्पती हेच औषध; रसायनशास्त्रात औषध म्हणजे निश्चित रचनेचा रेणू. या दोन दृष्टींमधील दुवा बहुधा नाम हा असतो, आणि तो किती शिथिल असू शकतो हे फॉर्स्कोलिनच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

कोलिअस फॉर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांतून वेगळ्या केलेल्या एका डायटर्पीनाची रचना १९७७ मध्ये दोन भारतीय संस्थांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. मुलुंडच्या होएक्स्ट संशोधन केंद्रातील भट, डिसूझा प्रभृतींचे द्रव्य ते फॉर्स्कोलिन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील टंडन प्रभृतींचे ते कोलिओनॉल. अवकाशीय मांडणीत भेद असल्याच्या समजुतीने ही दोन द्रव्ये भिन्न मानली गेली. १९८५ मध्ये सक्सेना प्रभृतींनी ती एकच असल्याचे दाखविले. कोलिओनॉल हे नाव प्रजातीवरून आले, तर फॉर्स्कोलिन हे जातिनामावरून, म्हणजे अखेर पेटर फॉर्स्कोल या वनस्पतिशास्त्रज्ञावरून. रेणूच्या घडणीविषयी दोन्ही नावे जवळजवळ मौनच पाळतात. शिवाय आता ही वनस्पती कोलिअस बार्बेटस म्हणून ओळखली जाते. ज्या जातिनामावरून द्रव्याचे नाव घडले, ते वनस्पतीकडे उरलेले नाही.

१९८५ मध्येच ‘प्लांटा मेडिका’ या नियतकालिकात आमोन व म्युलर यांचा आढावा आला. फॉर्स्कोलिनचा प्रवास आयुर्वेदीय औषधापासून आधुनिक द्रव्यापर्यंत झाला, असे त्याचे शीर्षक सुचविते. येथे विचार करावयास हवा. या वनस्पतीशी जोडले जाणारे ‘पाषाणभेद’ हे नाव बर्जेनिआ व पानओवा यांनाही लावले जाते. तेव्हा ग्रंथातील शब्द आणि परीक्षानळीतील मूळ यांचे ऐक्य गृहीत धरता येत नाही. ते सिद्ध करावे लागते. केवळ नामसादृश्यावर परंपरेला श्रेय देणे हा परंपरेचा गौरव नव्हे. त्यात चुकीची वनस्पती औषधात जाण्याचाही धोका आहे.

दोन नमुन्यांचे ऐक्य रसायनज्ञ वर्णपटाच्या पुराव्यावाचून मान्य करीत नाही. तेवढाच काटेकोरपणा शब्दांच्या बाबतीत पाळला गेला, तरच ‘पारंपरिक वनस्पतीतील नवे संयुग’ या विधानातील दोन्ही विशेषणे सार्थ ठरतील.