गाळलेल्या जागेतील विनोद

गेल्या चवथीला पुतण्या आपल्या मित्रांसह बेंगळुरूहून कुंभारवाड्यास आला, तो पत्त्यांचा एक खेळ घेऊन. 'कार्ड्स अगेन्स्ट ह्युमॅनिटी' हे त्याचे नाव. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या आठ शाळासोबत्यांनी तो रचला आणि २०११ मध्ये विक्रीस आणला. काळ्या पत्त्यावर गाळलेली जागा असलेले वाक्य; प्रत्येकाच्या हाती दहा पांढरे पत्ते, त्यांवर तयार शब्द. पाळीपाळीने एक जण पंच होतो, इतरांनी पालथे टाकलेले पत्ते वाचतो आणि त्यास जो सर्वांत गमतीचा वाटेल तो जिंकतो. नफा न कमावता हे पत्ते छापून घेण्यास कर्त्यांची मुभा आहे. मुलांनी ते जाड कागदावर छापले होते व काही स्वतः मराठीत लिहून त्यांत मिसळले होते.

उभी नोकरी इतरांकडून रिकाम्या जागा भरून घेण्यात घालविलेला मी, उत्सुकतेने बसलो. मूळ पत्त्यांतील बरेचसे तिकडच्या संदर्भांअभावी मला बोलेनात, उरलेले बहुतांशी अश्लील. शिमग्याच्या बोंबा ऐकत वाढलेल्यास अश्लीलतेचे अप्रूप नाही. परंतु शिमग्यातील शिवी देणाऱ्याच्या तोंडची असते. येथे 'पत्ताच तसा आला' ही सबब आयती मिळते. माझा मुख्य आक्षेप हाच.

याउलट आपल्याकडील समस्यापूर्ती पाहावी. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत तिची गणना केली आहे. केवळ 'ठ' या अक्षराच्या आवर्तनाचा निरर्थक चरण समोर आला असता, पायऱ्यांवरून गडगडत गेलेल्या सुवर्णघटाचा तो नाद आहे, अशी पूर्ती केल्याची कथा कालिदासाच्या नावावर सांगतात. तेथे शब्द पूर्ती करणाऱ्याचे असतात. या खेळात रचना नाही, निवड आहे. मात्र निवडही सोपी नव्हे, हे मी तीन डाव हरल्यावर उमगले. पंच कोण आहे, त्यास काय बोचते, काय हसविते, हे जाणल्याविना चांगला पत्ताही वाया जातो. हा गुण साहित्यात श्रोत्याची जाण म्हणून आपण वाखाणतोच.

आणि उखाणा? नाव गुंफण्याची तीही एक गाळलेली जागाच, आणि तिचा मला अभिमान. माझी धाकटी बहीण ऐन तारुण्यात विधवा झाली. तेव्हापासून आमच्या घरच्या हळदीकुंकवात उखाण्यांची फेरी सुरू झाली की ती स्वयंपाकघरात पेले विसळत बसते. तिला कोणी उठविले नव्हते, बसविलेही नव्हते. इतक्या वर्षांत मला ते खटकले नाही, हे येथे लिहिणे भाग आहे.

त्या रात्री वीज गेली, कंदिलाभोवती डाव रंगला आणि मुलांनी तिला हाताला धरून आणले. "आत्या, आता तू पंच." काळा पत्ता त्यांच्याच हातचा होता : 'आमच्या घरात ______ बद्दल कोणी बोलत नाही.' आलेल्या पत्त्यांत 'आजोबांची कवळी' होती, 'सुपारीचा दलाल' होता आणि 'काकांची पेन्शन' होती. डोळ्यांत पाणी येईतो हसून तिने पेन्शन उचलली.

पत्ता व्यक्तिगत असल्याचा आक्षेप मी नोंदविला. पंचांनी तो फेटाळला.