पंडिता रमाबाईंची ‘साक्ष’ : एका साधनाचे परीक्षण

धर्मांतरितांच्या आत्मकथनांस आपल्या संशोधकवर्गात फारसा मान नाही. देण्याघेण्याची एखादी कसर लागलेली यादही आपण रुमालात बांधून जपतो. परंतु मिशनच्या छापखान्यातून निघालेले चोपडे हाती आले की ‘हा प्रचार’ म्हणून बाजूस सारतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच केले. औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, संस्कृत शिकवीत असता पोथ्यांच्या शोधार्थ पैठणच्या वाटा आम्ही पुष्कळ तुडविल्या. पण पंडिता रमाबाईंनी १९०७ साली इंग्रजीत प्रसिद्ध केलेली ‘साक्ष’ मात्र आम्ही सेवानिवृत्तीनंतरच वाचली. तिचे ऐतिहासिक साधन म्हणून मोल काय, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

रमाबाईंच्या चरित्राची प्रचलित मांडणी अशी की, दि. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला व त्या दिवशी त्यांचा शोध संपला. मित्रांनी हे अभिमानाने सांगितले, टीकाकारांनी संतापाने. ‘साक्ष’ मात्र निराळेच सांगते. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानी आले की आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला खरा, पण ज्याच्या नावाचा तो धर्म तो ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही. ग्रंथातील हेच मर्मस्थान होय. आणि वाचक ते हटकून ओलांडून जातात.

यामागील हकीकत ठाऊक असल्यावाचून या कबुलीचे वजन कळावयाचे नाही. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. स्नान, जप, उपवास, ब्राह्मणांस दाने, यांत जवळचे द्रव्य सरले. आणि दुष्काळात, रानातील पाला खाण्याची पाळी आल्यावर, वृद्ध शास्त्रीबुवांनी पवित्र तळ्यात देह ठेवण्याचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास याने मजुरी करण्याची तयारी दाखवून त्यांस परावृत्त केले. शास्त्र्याच्या मुलाने मजुरी पत्करणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीपर्यंत तरी सांगावे लागत नसे. १८७४ साली आईबाप गेले. पुढे ही भावंडे पायी हजारो मैल चालली. हिमालयातील एका सरोवरात तरंगते डोंगर असून पुण्यवानाकडे ते आपण होऊन येतात, अशी ख्याती होती. सुसरींची भीती घातली असतानाही श्रीनिवास पहाटे पाण्यात उतरला, आणि पाहतो तो तराफ्यावर माती-दगड रचून वर झाडे लावलेली, व ते पुजारी ढकलीत असलेले! रमाबाई हा प्रसंग थट्टेसाठी सांगत नाहीत. काठावर उभे राहून डोंगर आपल्याकडे येतो की नाही हे पाहणाऱ्याच्या पोटात काय होत असेल, ते या बाईंस माहीत होते.

आता विचार करावा. असा मनुष्य नव्या धर्मात गेला म्हणजे जुनी सवय तेथेच टाकून जातो काय? रमाबाईंनी ती टाकली नव्हती. बाप्तिस्मा झाला, उपासना झाली, बायबलाचा अभ्यास झाला, १८८९ साली मुंबईस शारदासदनही उघडले. तरी आपण पुरेसे केले काय, ही टोचणी राहिलीच. पुढे हॅस्लम नामक इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ दीक्षा घेऊन कित्येक वर्षे झाल्यावर, १८५१ साली, स्वतःच प्रवचन करीत असता पालटला. ते वाचून रमाबाईंस उमगले की पात्रता मिळवून मग जवळ जावयाचे नसून, रित्या हाताने जाऊन दिलेले घ्यावयाचे आहे. विसावा हा त्यांच्या लेखी श्रमाचे वेतन नव्हे, दान होय.

यावर शंका येईल की, चोवीस वर्षांनंतर लिहिलेली ही स्मृती; नव्या उत्साहाच्या रंगात जुने दिवस मुद्दाम काळे केले नसतील कशावरून? शंका रास्त आहे. बखरीची पारख समकालीन पत्रांनी करावी, हा आपला नियम येथेही लावला पाहिजे. आणि सुदैवाने पत्रे आहेत. वाँटेजच्या मठातील भगिनी जेराल्डिन यांनी जपलेला पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाने १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. त्यांत १८८३ नंतरच्या रमाबाई त्रैक्याच्या सिद्धांतावर व चर्चच्या अधिकारावर गुरुस्थानीय स्त्रियांशी कडाक्याने वाद घालीत आहेत. आपली विवेकबुद्धी कोणाच्या हवाली करावयास त्या तयार नाहीत. विसावलेल्या मनाची ही भाषा नव्हे. आठ वर्षांच्या अस्वस्थतेचा पुरावा त्या वेळच्या शाईत असा शिल्लक आहे.

एका ठिकाणी मात्र आम्ही रमाबाईंशी सहमत नाही. ‘साक्षी’त आपल्या शास्त्रांचे चित्र कष्टसाध्य पुण्याचे तेवढे आले आहे. श्रीवैष्णवांतील मर्कटकिशोर व मार्जारकिशोर हे न्याय त्यांस ठाऊक नसतील, हे संभवत नाही. वानराचे पिलू आईस घट्ट धरते, मांजराच्या पिलास आईच तोंडात धरून नेते. कृपा की प्रयत्न, हा वाद आपल्याकडेही जुनाच आहे. तरीही एवढे खरे की, ग्रंथात असलेला कृपेचा मार्ग या कुटुंबाच्या वाट्यास आला नाही. त्यांच्या वाट्यास तराफ्यावरचा डोंगर आला. शिवाय स्त्रियांस व शूद्रांस शास्त्रे काय देतात हा रमाबाईंचा प्रश्न मांजराच्या पिलाने सुटत नाही, हेही प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

१८७८ साली कलकत्त्यास ख्रिस्ती मंडळींनी रमाबाईंस संस्कृत बायबल दिले होते. ज्या सभेने त्यांस पंडिता व सरस्वती म्हणून गौरविले त्याच नगरातील ही गोष्ट. पण तो ग्रंथ त्यांस मुळीच उलगडला नाही. त्यातील संस्कृत त्यांच्या ओळखीचे नव्हते. पुढे याच विदुषीने हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात बायबल मराठीत आणले, ते संस्कृतप्रचुर शब्द टाळून, खेड्यातील बाईस कळेल अशा भाषेत. दुष्काळात उचलून आणलेल्या मुलीबाळींचा प्रपंच सांभाळीत हे काम चालले होते. दि. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ‘साक्ष’ आणि हे भाषांतर एकत्र ठेवून कोणी तरुण अभ्यासकाने शब्दशः ताडून पाहावे. कोणाच्या संग्रही मुक्तिसदनाची मूळ प्रत असल्यास ती रद्दीत न घालता त्रैमासिकास कळवावे, अशी आमची विनंती आहे.