विक्रीस मांडलेली माणसे

गेल्या हिवाळ्यात अहिल्यानगरास (आमची जिव्हा अद्याप ‘नगर’च म्हणते) विक्रीस मांडलेली काही तैलचित्रे आम्ही पाहिली. सर्व वास्तववादी व मनुष्याकृतींची होती. घागर घेतलेली नवयौवना, चिलीम ओढणारा धनगर, टाळकरी वारकरी आणि ऊसतोड करणारी एक बाई. पहिल्या तिघांखाली विक्रीची तांबडी टिकली होती, चौथीखाली नव्हती.

जवसाच्या तेलात कालविलेला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे ओल्यात ओला मिसळून त्वचेवरील छायाप्रकाशाचे सूक्ष्म चढउतार साधता येतात. नवयौवनेच्या चित्रात हा सारा गुण लुगड्याचे काठ व घागरीची चकाकी यांवरच खर्ची पडला आहे. नथीतील मोती मोजून घ्यावेत. परंतु भरल्या घागरीचे ओझे तिच्या मानेस ठाऊकच नाही! यास वास्तववाद कसा म्हणावा? हा तर वेशभूषेचा देखावा झाला.

ऊसतोडीच्या बाईची गोष्ट निराळी. कोयत्यावरील मूठ घट्ट आहे, पाचटाने ओरखडलेल्या हातावर उन्हाची हिरवट छाया आहे, आणि पदराखालील चेहरा आपणांकडे पाहातही नाही. ही बाई चित्रकारासमोर खरोखर उभी राहिली असावी. वासुदेव कामत यांनी रंगविलेल्या स्वपत्नीच्या व्यक्तिचित्रास २००६ साली अमेरिकेतील पोर्ट्रेट सोसायटीचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेथेही चित्रविषय ओळखीचे, जिवंत माणूसच होते. मागचा उसाचा फड मात्र घाईने उरकला आहे; तो हिरवा पडदाच वाटतो.

“चित्र उत्तम आहे हो, पण दिवाणखान्यात ही कशी टांगावी?” असे शेजारचे एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले. ज्या जिल्ह्यात प्रवरेकाठी १९५० सालापासून सहकारी कारखान्यात ऊस गाळला जात आहे, तेथील हा प्रश्न! सोळाव्या शतकात निजामशाही दरबाराने याच नगरात ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ची चित्रे करविली, ती पोथी आज पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. आता दरबार नाही. चित्रकाराने काय रंगवावे हे आम्हां पगारदारांच्या भिंती ठरवितात, व त्या भिंतींस घागरवालीच रुचते.

त्या गृहस्थांस हसण्याचा अधिकार आम्हांसही नाही. आम्ही किंमत विचारली, मनात हिशेब केला, आणि घरी विचारून येतो असे सांगून निघालो. तिसऱ्या दिवशी गेलो तो चित्र परत गेलेले. चित्रकाराने निदान तो फड पुन्हा रंगवावा.